चंदाला आई आहे

"बाय, माज्या पोरीला कोनापुढं उभी करू नको. फोटू काडू देऊ नको. आन् कोनी इचारलं तर सांग, तिला आय हाय. भट्टीवर हाय, पन हाय."

रंगूचं हे बोलणं देवदिवाळी झाल्यावरचं. वाडीच्या तोंडाशी वीटभट्टीचा ट्रक लागला होता. त्यात मडकी, गोधड्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि माझ्या शाळेच्या पटावरची निम्मी मुलं चढत होती. रंगू वर फाळक्याला धरून उभी होती, कडेवर धाकटा. तिची थोरली, चंदा, खाली माझ्या शेजारी उभी होती. चंदा पाचवीत. ही पाचवी तिनं नीट पुरी केली तर जूनमध्ये तिला शहापूरच्या मुलींच्या निवासी शाळेत घालायचं, असं मी ठरवून बसले होते. आईबरोबर भट्टीवर गेलेली पोर पावसाला परत येते, आणि तोवर तिचे हात विटा उलटायला सरावलेले असतात. मग तिला कुठली सहावी आणि कुठली निवासी शाळा! म्हणून मी रंगूच्या मागे लागले होते, आणि आजोबाजवळ, म्हणजे यमाजीजवळ, पोरीला ठेवायला ती कशीबशी तयार झाली होती.

अट मात्र घातली होती, आणि अटीला कारण होतं.

गेल्या वर्षीही मी चंदाला असंच मागे ठेवून घेतलं होतं. डिसेंबरात ठाण्याहून 'ऊबदार ओंजळ परिवार' आमच्या शाळेत ब्लँकेटं वाटायला आला. परिवार म्हणजे कोणी एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. हल्ली मंडळ म्हणायची लाज वाटते, म्हणून परिवार म्हणतात. त्यांना चंदाचे डोळे आवडले. तिला ब्लँकेट गुंडाळून पायरीवर बसवलं, हसू नकोस म्हणून सांगितलं, आणि तो फोटो आपल्या कॅलेंडरच्या पहिल्याच पानावर छापला. खाली लिहिलं, 'आईवेगळ्या चंदाला मायेची ऊब'. का, तर म्हणे नुसतं 'चंदाला ऊब' असं लिहिण्यात काही वजन येत नव्हतं.

ते कॅलेंडर कुठे लागावं? मुरबाडच्या अलीकडे, नदीकाठच्या त्याच भट्टीच्या ऑफिसात, जिथे रंगू विटा थापते. भट्टीचा शेठ या परिवाराच्या देणगीदारांपैकी एक. आईला सहा महिने मातीत राबवायचं आणि लेकीला ब्लँकेट द्यायचं, अशी त्याची भक्ती. भट्टीचा हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीनं ते पान रंगूला वाचून दाखवलं.

"काय गो रंगू, तू कवा मेलीस? आमाला तेराव्याचं जेवान बी नाय?"

तिथून जी थट्टा सुरू झाली ती हंगाम संपेपर्यंत. टँकरवर पाणी भरायला गेली की बायका म्हणायच्या, "सरका गो, भूत आलं." नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, कडेवर पोर, आणि बाई कॅलेंडरवर मेलेली. ट्रक सुटता सुटता ती मला म्हणाली, "परत आसं झालं ना बाय, तर मी येन आन् पोर घेऊन जाईन. विटा उलटील, पन मला आय तरी म्हनंल."

मी हो म्हटलं. तिच्या जागी मी असते तर मी पोर ठेवलीच नसती.

डिसेंबर आला की शहरातल्या लोकांना आमची थंडी वाजू लागते. जूनमध्ये शाळेचं छप्पर गळतं, वह्या भिजतात, पोरं डोक्यावर गोणपाट घेऊन येतात, तेव्हा कोणाला आमची ओल लागत नाही. मे महिन्यात विहीर आटते तेव्हा कोणाच्या घशाला कोरड पडत नाही. डिसेंबरात मात्र दयेला पूर येतो. बहुधा वर्ष संपायच्या आत पुण्याचं खातं भरायचं असतं. पहाटे आमच्याकडे गारठा असतो, हे खोटं नाही. वालाच्या वेलांवर दंव असतं, पोरं शेकोटीला बसतात. पण पाहुणे काही पहाटे येत नाहीत. ते घरी नाश्ता करतात, महामार्गावरच्या हॉटेलात थांबून पुन्हा नाश्ता करतात, आणि ऊन डोक्यावर आल्यावर पत्र्याच्या शाळेत येऊन मुलांना ब्लँकेटात गुंडाळतात. गेल्या वर्षी मंगेश नावाच्या दुसरीतल्या पोराच्या गालावरून घाम ओघळत होता. परिवारातल्या एका ताईंनी तो अश्रू समजून कागदी रुमालानं टिपला, आणि स्वतःही रडल्या.

आमच्या शाळेत शिक्षक दोन. मी आणि सुरेंद्र सर. सर मुख्याध्यापक, म्हणजे माझ्या एकटीचे. कल्याणहून येतात. इतर अकरा महिने त्यांची लोकल चुकते. डिसेंबरात रेल्वे खातं कसं कोण जाणे सुधारतं. सरांना पाहुण्यांचा फार शौक. परिवारानं गेल्या वर्षी शाळेला कॉम्प्युटर दिला, तो त्यांच्या टेबलावर आहे. शाळेची वीज बिलापायी तुटलेली, म्हणून तो कधी चालू झाला नाही. पण दसऱ्याला त्याची पूजा होते. हळदकुंकवाची बोटं आणि वाळलेला झेंडू अंगावर घेऊन तो बिचारा बसलेला असतो. देवाला निदान नैवेद्य तरी मिळतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला सर माझ्याकडे आले. हातात मोबाइल, चेहऱ्यावर सण.

"मॅडम, परिवार येतोय. तिसऱ्या गुरुवारी. यंदा प्रोजेक्टर देतायत."

"तो कशावर लावायचा, सर?"

"बघू हो, नंतरचं नंतर. भाग्यश्रीताईंची एकच रिक्वेस्ट आहे. त्यांना तीच मुलगी हवीय. चंदा. 'एक वर्षानंतर' असा फोटो काढायचाय. तेच ब्लँकेट, तीच पायरी."

"तिच्या आईनं नको म्हणून सांगितलंय. मी तिला शब्द दिलाय."

"आई आहे कुठे इथे?"

"भट्टीवर आहे."

"तेच म्हणतो मी! भट्टीवर, म्हणजे नसल्यासारखीच की. आणि मॅडम, तुमचं ते सोवळं ओवळं घरी ठेवा हो. एका फोटोनं काय झिजतं कोणाचं?"

मला मोठ्यानं बोलता येत नाही. लहानपणापासून सवय नाही, आणि आता देवाच्या नावानं काही नेम पाळते, त्यात हाही एक आहे. सरांना हे ठाऊक आहे. त्यामुळे माझं बोलणं संपायच्या आत त्यांचं सुरू होतं. मी एवढंच म्हटलं, "फोटो काढायचा तर खाली 'आईवेगळी' लिहायचं नाही, हे त्यांना आधी कळवा." सर म्हणाले, "कळवतो, कळवतो." ज्या सुरात ते शाळा तपासणीला आलेल्या साहेबांना 'दुरुस्त करतो' म्हणतात, त्याच सुरात.

मग गेल्या वर्षीच्या ब्लँकेटची शोधाशोध सुरू झाली. सर स्वतः यमाजीच्या झोपडीपर्यंत चालत गेले. एरवी वाडीत ते कधी पाय टाकत नाहीत, बूट मळतात. मीही मागोमाग गेले.

यमाजी अंगणात दोर वळत बसला होता.

"बाबा, ते गेल्या वर्षीचं ब्लँकेट कुठाय? निळं?"

"हाय की. शेळीखाली हाय."

"शेळीखाली?"

"व्याली ना परवा. पिलांना घातलंय."

"अहो, ते तुमच्या नातीला दिलं होतं!"

"पोरीला तिच्या आयची गोधडी हाय," यमाजी म्हणाला. "तुमचं ते पांघरलं का रातीच्याला ठिनग्या उडतात, अंगावर काटं येतात. पोर रडाला लागली. पिलांना काय, तेंच्या अंगावर केस हायेत, तेंला नाय चावत."

"बरं, ते जरा धुवून द्या. गुरुवारी पाहिजे."

"धू की तू. जवान हायेस."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिलांकडे पाहत होते. दोन्ही पिलं त्या निळ्या ब्लँकेटावर इतकी सुखात झोपली होती, की परिवारानं दिलेली ऊब योग्य जागी पोचली हे मला पहिल्यांदाच पटलं.

सर गेल्यावर मी यमाजीला सांगितलं, "गुरुवारी चंदाला शाळेत पाठवू नको. बरोबर ने कुठेतरी."

"सरपनाला नेतो. दुपार टळल्याबिगर येत नाय आमी." त्यानं दोर खाली ठेवला. "पन बाय, तू शाळंची बाय, आन् तूच पोरीला शाळंत येऊ नको म्हनतेस. कलियुग कलियुग म्हनतात ते ह्योच का?"

"हाच," मी म्हटलं.

गुरुवार उजाडला. शाळेच्या आवारात एक आंबा आहे. सरांनी त्याला कापूस लावला होता. नाताळचा बर्फ म्हणून. आंब्याला तेव्हा नुकता मोहोर फुटू लागला होता. त्यावर कापूस चिकटवल्यावर झाडाला काहीतरी रोग लागल्यासारखं दिसत होतं. सरांनी लाल टोपी घातली होती आणि हनुवटीला उरलेला कापूस. घामानं दाढी एका बाजूनं सुटत होती आणि ते ती बोटानं परत दाबत होते.

आमची निम्मी मुलं भट्टीवर, त्यामुळे आवार रिकामं दिसू नये म्हणून शेजारच्या पाड्यावरच्या शाळेची मुलं आणली होती. ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांच्याकडे पाहुणे आले की आमची जातात, आमच्याकडे आले की त्यांची येतात. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. टेम्पोतून उतरणाऱ्या मुलांकडे बघत देवकी, आमची खिचडी शिजवणारी, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाय, ह्या पोरांनी गेल्या आठवड्यात तिकडं ब्लँकेट घेतलंय. आज हितं घेतील. परवा खर्डीला कोनतरी वाटनार हाय म्हनं, तिथं बी घेतील."

"घेऊ दे."

"घेऊ दे काय! थंडीनं नाय मरायची ही पोरं. उकडून मरतील."

पाहुणे आले तेव्हा पत्रा तापून टकटक वाजत होता. भाग्यश्रीताई पुढे. अंगावर खादीचा कुर्ता, गळ्यात आदिवासी म्हणून विकतात तसली माळ, जी आमच्या वाडीत कोणी घालत नाही. त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन शेखर नावाचा तरुण. ताईंनी आल्या आल्या दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काय हवा आहे हो इथे! तुम्ही लोक खरे श्रीमंत." हे वाक्य त्या गेल्या वर्षीही म्हणाल्या होत्या.

मग वाटप. सरांनी मुलांची रांग लावली. प्रत्येकानं पुढे यायचं, ब्लँकेट घ्यायचं, ताईंच्या पाया पडायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं. शेखरला एखादा फोटो पसंत पडला नाही की ब्लँकेट परत घेऊन पुन्हा द्यायचं, आणि पोरानं पुन्हा पाया पडायचं. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आम्ही सवाष्णी आणि कुमारिका बोलावतो. त्यांना पाट देतो, हळदकुंकू लावतो, फळ हातात देतो, आणि मग देणारी वाकते. घेणारी नाही. घेणारीनं घेतलं, हे तिचे उपकार. मला वाटायचं ही साधी गोष्ट सगळ्यांनाच घरून शिकवलेली असते. बहुधा ठाण्याला तिची साथ सुटली असावी. त्या दिवशी लहान लहान पोरं त्यांच्या चामड्याच्या चपलांना डोकं लावत होती, आणि ताई दर वेळी "अरे, नको नको" म्हणत पाय थोडा पुढे करत होत्या.

केक कापला. ताईंनी एक तुकडा माझ्या तोंडाशी आणला, शेखरकडे बघत.

"टीचर, तुम्ही पण!"

"आज गुरुवार आहे माझा."

"अय्या, एगलेस आहे हो!"

"उपास आहे."

"ओ, सो स्वीट," असं म्हणून त्यांनी तो तुकडा सरांच्या दाढीत घातला.

इतकं सगळं मी गप्प राहून पाहत होते, कारण चंदा तिथे नव्हती. पोरगी रानात आहे, बाकीची जत्रा संपली की ती येईल, एवढ्यावर माझा जीव शांत होता. मधे केव्हा तरी सर दिसेनासे झाले. मला वाटलं, दाढी नीट करायला गेले. मग मोटारसायकलचा आवाज आला. पुढे लाल टोपी, मागे चंदा. केसांत काटक्या, हातावर ओरखडे.

ती उतरून सरळ माझ्याकडे धावत आली.

"काय झालं बाय? सर म्हनले, बायनं बोलावलंय, लवकर चल."

माझ्या नावानं आणली होती तिला. मी सरांकडे पाहिलं. ते ब्लँकेट झटकत होते. धुतलेलं नव्हतंच, शेळीचा वास आवारभर पसरला. ताईंनी नाकाला रुमाल लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "वर्षभर वापरलंय लेकरानं."

मी चंदाचा हात धरला. "हिचा फोटो नको," मी म्हटलं. "हिच्या आईनं नको सांगितलंय." पण माझा आवाज हा असा, आणि सरांच्या हाती परिवारानं आणलेला माइक. त्यांनी पुकारा केला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनी चंदाचा दुसरा हात धरला. दोन बाजूंनी पोर ओढायची नाही म्हणून मी सोडला. तेवढंच हवं होतं त्यांना. पायरीवर बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं, ताई शेजारी टेकल्या आणि माइक घेऊन बोलू लागल्या.

"ही आपली चंदा. गेल्या वर्षी आपण हिला भेटलो. हिला आई नाही. पण आज हिला एक नाही, पंधरा आया आहेत..."

"मला आय हाय," चंदा म्हणाली.

माइक ताईंच्या तोंडाशी होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. पोरांत खसखस पिकली. ताई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हो बाळा, आहे ना, वर आहे."

"वर नाय. मुरबाडला हाय. भट्टीवर."

देवकी मोठ्यानं हसली. मी पुढे होऊन म्हटलं, "तिची आई जिवंत आहे ताई. रंगू तिचं नाव. कामाला गेलीय."

"तेच म्हणायचंय मला, टीचर," ताई हसून म्हणाल्या, "आईची माया जवळ नाही. ती भावना. शब्द महत्त्वाचे नसतात." आणि चंदाकडे वळून, "तुला काय हवं सांग बेटा? मोकळेपणानं सांग."

चंदानं विचार केला. "मंग माज्या आयचा बी फोटू काडा. ती हाय म्हनून."

"नक्की नक्की," असं सगळेच म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. कुठल्याही गोष्टीवर टाळ्या वाजवायची त्या लोकांना सवय आहे.

मला वाटलं, एवढं सगळ्यांसमोर झालं, आता तरी संपलं. पाहुणे गाडीकडे निघाले तेव्हा मी शेखरला विचारलं, "तो फोटो काय करणार?"

"टाकला पण, मॅडम. ग्रुपवर, पेजवर, सगळीकडे. मस्त आलाय." त्यानं मोबाइल दाखवला. चंदाचे डोळे, निळं ब्लँकेट, आणि खाली, 'आईवेगळी चंदा. एक वर्षानंतर.' मजकूर त्यानं ठाण्याहून निघतानाच लिहून ठेवला होता. चंदा काय म्हणाली याला त्यात जागाच नव्हती.

मी भाग्यश्रीताईंना गाठलं. गाडीची काच अर्धी वर गेली होती.

"ताई, ते काढून टाका. तिची आई ज्या भट्टीवर आहे, तो शेठ तुमच्या ग्रुपवर आहे. गेल्या वर्षी तिला फार त्रास झाला. ती मुलीला शाळेतून घेऊन जाईल."

"टीचर, तुम्ही किती निगेटिव्ह विचार करता! लोक रडतायत हो बघून. आणि आता इतक्यांनी पुढे पाठवलंय, काढलं तर प्रश्न विचारतील. आपल्या शाळेचंच नाव खराब होईल." काच वर गेली. मग पुन्हा खाली आली. "आणि आईनं शाळेतून काढली तर कळवा हं. आपण तिच्यावर एक छान पोस्ट करू."

गाड्या गेल्या. धूळ बसली. सर टोपी काढून वारा घेत होते.

"झालं की नाही सगळं नीट? उगाच टेन्शन घेता तुम्ही."

"माझं नाव सांगून आणलंत तिला."

"अहो, नाहीतर आली नसती. आणि त्या रंगूचं काय घेऊन बसलात? मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. चांगलंच झालं तिचं."

"मग पुढच्या वर्षी तुमच्या आईंचा फोटो देऊ या का सर?" मी म्हटलं. "त्यांचंही वाढेल."

दाढीचा कापूस सरांच्या शर्टावर पडला होता, तो एकेक तंतू करून काढत बसले. नेम मोडला का, असा विचार मनात आला. आवाज तर चढवला नव्हता.

चंदा हापशाजवळ पायांवर पाणी घेत होती. ब्लँकेट ती कधीच शेळीकडे पोचवून आली होती. मी जवळ गेले तशी ती हापसायची थांबली.

"बाय, आयला कळंल का?"

"कळेल. मुन्शीकडे मोबाइल आहे."

"तिला वाटंल मीच सांगितलं."

"काय?"

"मला आय नाय म्हनून." ती हापशाच्या दांड्याकडे बघत होती. "गेल्या वर्षी बी तिनं इचारलेलं. 'तूच सांगितलंस का गो, ब्लँकेटासाठी?' मी नाय म्हनले. ती काय बोलली नाय. उगीच बसून राहिली."

वर्षभर मी समजत होते की रंगूला लागलं ते टँकरवरच्या थट्टेचं. भूत म्हणतात याचं. तिला लागलं होतं ते हे. आणि ही पोर ते पोटात घेऊन वर्षभर माझ्यासमोर पाढे म्हणत होती.

"तू सांग ना तिला," चंदा म्हणाली. "फोनवर नको. फोन मुन्शी धरतो, तो हासतो. तू जाऊन सांग. मी सगळ्यांम्होरं बोलले का मला आय हाय. देवकीनं बी आयकलं."

"जाते. आजच जाते."

"ती मला न्यायला यील?"

खोटं सांगून समजूत काढावी इतकी ती लहान नव्हती. "येईल कदाचित. तिनं तसं सांगितलं होतं."

चंदानं पाय झटकले. ओल्या पावलांवर लगेच धूळ बसली. तिला निवासी शाळेत जायचं होतं. पेटी कुठली घ्यायची, तिच्यावर नाव कोणत्या रंगानं घालायचं, हे ती मला ऑगस्टपासून विचारत होती.

"यील तर यील," ती म्हणाली. "पन मी नाय बोलले, ते पयलं सांग."

मी वर्गात जाऊन पिशवी घेतली. एक मन म्हणालं, रविवारपर्यंत थांब. मुन्शी कदाचित बघणार नाही, शेठ कदाचित दाखवणार नाही, एकेक महिना ढकलत पोरीची पाचवी पुरी होऊन जाईल. अशा विचारांना देवाचं नाव देऊन टाकणं फार सोपं असतं. 'त्याची इच्छा' म्हणायचं आणि घरी जाऊन आरती करायची. भाग्यश्रीताई काय वेगळं करतात?

चंदाला बरोबर न्यायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं. आईसमोर उभी केली असती तर ती तिथून परतली नसती. रंगूला न्यायची असेल तर तिनं वाडीत यावं, पोरीचा वर्ग बघावा, मग न्यावी. मी माझ्या हातानं नेऊन देणार नाही.

देवकी भांडी घासत होती. तिला किल्ली दिली.

"कुठं चाललीस या टायमाला?"

"मुरबाडला. रंगूकडे."

देवकीचे हात थांबले. "ती तुला शिव्या देईल बाय."

"देऊ दे."

"आन् उपाशी जातेस? आज तुजा गुरुवार. घरी पूजा नाय का?"

"सूनबाई दिवा लावील."

"थांब." तिनं आत जाऊन दोन केळी आणली, पदरानं पुसून माझ्या पिशवीत टाकली. "हे तरी चालतं ना तुज्या देवाला? आन् हे बघ, रंगूला सांग, मी आयकलंय. माज्या कानानं. पोर माइकम्होरं बोलली. माजं नाव घे. तुज्यापेक्षा माज्यावर तिचा इश्वास जास्ती हाय."

सर दारात आले. मोबाइलवर बोट, कपाळावर आठी.

"मॅडम, कार्यक्रमाचा अहवाल टाकायचाय आज. फोटोसहित. तुम्ही लिहा ना, तुमची भाषा चांगली आहे."

"माझी भाषा आज दुसरीकडे लागणार आहे, सर," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

खर्डीपर्यंत टमटम, तिथून शहापूर, शहापूरहून मुरबाडची एसटी. भट्टीच्या फाट्यावर उतरून पुढे चालायचं. चंदा आवाराच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी कापलेल्या भाताच्या खाचरांतून सडकेकडे जाणारी पायवाट धरली, आणि रंगूसमोर गेल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते मनात म्हणत चालू लागले.